डोंगरमाथ्यावरील परसबाग : माघापासून चैत्रापर्यंतची लागवड

परसबागेविषयी जे मार्गदर्शन सर्वसाधारणपणे उपलब्ध असते, ते मैदानी प्रदेश नजरेसमोर ठेवून लिहिलेले असते. भेंडीच्या किंवा दोडक्याच्या बियाण्याच्या पाकिटावर ‘उन्हाळी हंगाम : जानेवारी-फेब्रुवारी’ एवढाच मजकूर छापलेला आढळतो. सांगली, जळगाव किंवा बारामतीच्या परसात ही सूचना बहुधा लागू पडते. परंतु महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे, सातपुड्यातील तोरणमाळ सुमारे १,१५० मीटरवर, तर मेळघाटातील चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर वसलेले आहे. दर हजार मीटर उंचीमागे हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते, हा भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातील नियम येथे थेट बियाण्याच्या उगवणीशी येऊन भिडतो. या उंचीवर जानेवारीत पेरलेली भेंडी अनेकदा उगवतच नाही. आणि तीच भेंडी एप्रिलमध्ये पेरली, तर ती फुलावर येईतो विहिरीने तळ गाठलेला असतो.

या दोन टोकांमध्ये जे थोडे दिवस उरतात, ते नेमके कोणते, हे ठरविणे हाच डोंगरी परसबागेचा मुख्य प्रश्न होय. प्रश्न किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. पावसाळी रानभाज्या आश्विनात संपतात आणि माघापर्यंत वाल, मुळा, पालेभाजी काही ना काही मिळत राहते. पुढे चैत्र-वैशाखात पाड्यावरील ताटात भाकरी, चटणी आणि डाळीचे पाणी एवढेच उरते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के आणि १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळल्या. घराच्या मागे चार वाफे केल्याने हे आकडे एकाएकी बदलतील, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि उन्हाळ्यातील ते दोन-अडीच महिने ताटात हिरवे काही असावे की नसावे, हे मात्र माघात घेतलेल्या निर्णयावर अवलंबून असते.

प्रस्तुत लेखकाने ही चूक स्वतः केलेली आहे. डोंगरावरील एका निवासी शाळेत प्रजासत्ताक दिनी पाहुण्यांना हिरवे वाफे दाखविता यावेत, या हौसेने जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुलांकडून भेंडी, काकडी, दोडका, पालक आणि मेथी अशी एकदम पेरणी करून घेतली. २६ जानेवारीस पालक-मेथीचे वाफे पाहण्यासारखे झाले होते. भेंडी आणि दोडक्याच्या आळ्यांत मात्र काहीच नव्हते. एका मुलाने उकरून बी बाहेर काढले, ते चिमटीत दाबताच पिठासारखे फुटले. पाणी, शेणखत, राखण यांपैकी कशातही उणीव नव्हती. उणीव होती ती मातीतील उबेची.

बियाण्याला लागणारी ऊब

बी उगवण्यास ओलावा लागतो हे सर्वजण जाणतात, परंतु किती ऊब लागते याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. मातीचे तापमान २५ अंश असेल तर टोमॅटोचे बी सुमारे सहा दिवसांत उगवते. १५ अंशांवर त्यास दोन आठवडे लागतात, तर १० अंशांवर सहा आठवडे. भेंडी याहून हट्टी आहे. ३० अंशांवर ती आठवड्यात वर येते, २० अंशांवर अडीच आठवडे घेते आणि १५ अंशांवर जवळजवळ चार आठवडे मातीत पडून राहते. एवढा काळ ओल्या, थंड मातीत पडलेले बी बुरशी आणि किडे यांच्या तावडीतून क्वचितच सुटते. याउलट पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर, वाटाणा ही पिके थंड मातीतही समाधानाने उगवतात. त्यांना अडचण येते ती पुढे, ऊन चढल्यावर. मेथीला फुले येतात, मुळा पोकळ होतो आणि पालक दांड्यावर जातो.

म्हणून डोंगरावर वसंतातील लागवड एका दिवशी न करता दोन टप्प्यांत करावी. पहिला टप्पा थंडी सोसणाऱ्या भाज्यांचा, माघात. दुसरा उबेवर वाढणाऱ्या भाज्यांचा, होळीच्या सुमारास. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ ही म्हण आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे आणि तिच्यात निरीक्षण आहे. पण चांद्र पंचांगामुळे होळीचा इंग्रजी दिनांक पुढेमागे सरकतो. २०२३ मध्ये होळी ६ मार्चला होती, २०२४ मध्ये २४ मार्चला. या अठरा दिवसांत डोंगरावरील रात्रीत पुष्कळ फरक पडतो. तेव्हा म्हणीचा आधार घ्यावा, पण तिची खातरजमा मातीत करावी. शाळेच्या प्रयोगशाळेतील साधा तापमापक त्यासाठी पुरेसा आहे. काडीने दोन-तीन बोटे खोल भोक पाडून त्यात तापमापकाचा फुगा अलगद सोडावा (तापमापक तसाच मातीत खुपसल्यास तो फुटतो) आणि सकाळी नऊ वाजता वाचन घ्यावे. सलग पाच-सहा दिवस वाचन १८ अंशांच्या वर राहिले की भेंडी, गवार आणि वेलभाज्या मातीत टाकण्यास हरकत नाही.

थंड हवा उताराने वाहते

तापमान उंचीप्रमाणे घटते हा नियम दिवसा बराचसा खरा असला, तरी निरभ्र रात्री तो उलटतो. सूर्यास्तानंतर जमीन उष्णता सोडू लागते, तिला टेकलेली हवा थंड आणि म्हणून जड होते. ही जड हवा पाण्याप्रमाणे उताराने खाली सरकते आणि सखल जागी साचते. महाबळेश्वर येथे वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात हिवाळ्यात दवबिंदू गोठतात, गवतावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो, आणि वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे झळकतात. बाजारपेठेच्या भागात त्याच पहाटे तसे काही दिसत नाही. अंतर थोडे, पण तलावाचा परिसर सखल आहे.

घराच्या परसातही हेच घडते, फक्त लहान प्रमाणावर. सर्वांत खालच्या कोपऱ्यात माती खोल असते, ओलही टिकते, त्यामुळे वाफा तेथेच करण्याचा मोह होतो. माघातील कोवळ्या रोपांसाठी ती जागा सर्वांत वाईट. वाफे उताराच्या मध्यभागी, शक्यतो दक्षिणेकडे किंवा पूर्वेकडे तोंड असलेल्या बाजूस करावेत. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्याने दक्षिण उतार लवकर तापतो. दगडी गडग्याच्या किंवा घराच्या भिंतीच्या दक्षिणेस असलेली हातभर पट्टी तर सोन्यासारखी. दिवसभर तापलेला दगड रात्री उशिरापर्यंत ऊब देत राहतो. आणखी एक बारीक गोष्ट : परसाच्या खालच्या अंगाला दाट कुंपण असेल, तर ते थंड हवेला बंधाऱ्याप्रमाणे अडवून धरते. तेथे हात-दोन हात फट ठेवली की हवा निघून जाते. फट ठेवली की शेळी आत शिरते, हेही खरे. म्हणून तेथे काटेरी फांद्यांची विरळ झडप लावावी.

शिक्षकांना यातून एक उत्तम पाठ घेता येईल. दोन सारखे तापमापक घेऊन एक शाळेच्या वरच्या अंगाला आणि एक ओढ्याकाठी, जमिनीपासून सारख्याच उंचीवर टांगावा. माघ महिनाभर पहाटे मुलांनी दोन्ही वाचने वहीत टिपावीत आणि आकाश ढगाळ होते की निरभ्र, वारा होता की नव्हता, याचीही नोंद करावी. निरभ्र, निवांत पहाटे दोन वाचनांतील अंतर वाढते, हे मुलांना स्वतःच्या आकड्यांवरून उमगेल. शिवाय ती वही पुढील वर्षी गावाच्या उपयोगी पडेल. बियाण्याच्या पाकिटावर जे छापलेले नाही, ते त्या वहीत असेल.

कडाक्याच्या रात्रीची चाहूल लागल्यास दुपारी वाफ्यास पाणी द्यावे, कारण ओली माती कोरड्या मातीपेक्षा अधिक उष्णता साठविते. सायंकाळी रोपांवर गोणपाट किंवा गवत पसरावे आणि सकाळी ऊन येताच ते काढावे.

माघातील वाफा

वसंत पंचमीच्या सुमारास पहिला वाफा धरावा. पालक, कसुरी मेथी, कोथिंबीर, मुळा यांबरोबरच डोंगरी हवेस विशेष मानवणारे पीक म्हणजे श्रावण घेवडा. त्यास साधारण १६ ते २४ अंशांचे हवामान आवडते आणि ३० अंशांच्या वर त्याची फुले गळतात. मैदानात त्यामुळे उन्हाळी घेवडा साधत नाही, डोंगरावर मात्र हा सौम्य काळ चांगला लांबतो. गोठणाऱ्या पहाटे टळल्या आहेत असे पाहून घेवडा टोकावा. पन्नास-पंचावन्न दिवसांत शेंगा मिळू लागतात.

जमिनीविषयी थोडे. महाबळेश्वरच्या पठारावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या पावसाने चुना धुऊन गेलेली तांबडी जांभ्याची माती आम्लधर्मी झालेली असते आणि पाणी धरून ठेवीत नाही. तेथे चुलीतील राख चौरस मीटरला ओंजळभर, चांगल्या कुजलेल्या शेणखताबरोबर मिसळणे हितावह ठरते. सातपुड्यातील काळ्या, चुनखडीच्या जमिनीत मात्र राखेचा हा उपचार करू नये. एका ठिकाणचा चांगला अनुभव दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा नेण्याने किती नुकसान होते, याचे हे लहानसे उदाहरण आहे. शेणखत अर्धवट कुजलेले असेल, तर ते वाळवीस निमंत्रण देते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

पाण्याचा हिशेब

लागवडीपूर्वी पाण्याचा हिशेब मांडला पाहिजे. पुष्कळ परसबागा उत्साहाने सुरू होतात आणि एप्रिलच्या मध्यास वाळतात, त्याचे कारण हा हिशेब न केल्यातच असते. फाल्गुन-चैत्रात भाजीच्या वाफ्यास दर चौरस मीटरला दिवसाकाठी चार ते पाच लिटर पाणी लागते. म्हणजे दहा चौरस मीटरच्या बागेस ४० ते ५० लिटर. वाळलेल्या गवताचे किंवा पाल्याचे चार बोटे जाड आच्छादन केल्यास ही गरज बरीच कमी होते. (हे आच्छादन घराच्या कुडापासून दूर ठेवावे. हे वणव्याचे दिवस असतात.)

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरलेले आहे. जेथे नळ पोचला आहे, तेथे पाच माणसांच्या घरातील सांडपाणी एवढ्या बागेस सहज पुरते. जेथे डोक्यावरून पाणी आणावे लागते, तेथे गोष्ट वेगळी. ज्या बाईने सकाळी दोन खेपा केल्या आहेत, तिने बागेसाठी तिसरी करावी, असा उपदेश कोणीही करू नये. तेथे बाग भांड्यांच्या धुणावळीत मावेल एवढीच, चार-पाच चौरस मीटरची, धरावी. धुणावळ थेट वाफ्यात न सोडता खडी आणि वाळू भरलेल्या लहान खड्ड्यातून न्यावी, आणि त्या खड्ड्याच्या तोंडाशी कर्दळ, अळू किंवा केळ लावावी. साबणाचे व धुण्याच्या पावडरचे पाणी पालेभाजीस देऊ नये. कोथिंबीर व मुळा कच्चे खाल्ले जातात, त्यांना स्वच्छ पाणीच द्यावे. सांडपाणी एका दिवसाहून अधिक साठवून ठेवल्यास डासांची पैदास होते.

वेलभाज्यांसाठी जुने मडके फार उपयोगी पडते. न भाजलेल्या झिलईचे साधे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, भोवती तीन-चार वेल लावावेत, मडके पाण्याने भरून तोंडावर झाकण ठेवावे. पाणी पाझरून मुळांपाशीच जाते आणि एकदा भरलेले मडके काही दिवस चालते. नव्या मडक्यावर रंग दिलेला असल्यास ते पाझरत नाही, हे विकत घेताना पाहावे.

होळीचा वाफा आणि परतणारी कुटुंबे

मेळघाटातील कोरकू आणि नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल, पावरा समाजांत होळी हा वर्षाचा मोठा सण आहे. दिवाळीनंतर मजुरीसाठी, ऊसतोडीसाठी बाहेर गेलेली पुष्कळशी कुटुंबे होळीच्या निमित्ताने गावी परततात. या कुटुंबांना रब्बीचा भाजीपाला करता येत नाही, आणि परतल्यावर बी पेरावे म्हटले, तर वेलास फळ धरण्यास पंचावन्न-साठ दिवस लागतात. तोवर मे महिन्याचा मध्य उजाडतो आणि पाणी संपलेले असते. ज्यांच्या मुलांना उन्हाळ्यात भाजीची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्याच परसात ती नसते, याचे एक कारण हे असे पंचांगात दडलेले आहे.

या बाबतीत गावात राहिलेल्या माणसांना काही करता येण्यासारखे आहे. वसंत पंचमीपासून होळीपर्यंत सुमारे चाळीस दिवस असतात. टोमॅटो, वांगी, मिरची यांचे रोप पुनर्लागवडीयोग्य होण्यास जवळजवळ एवढाच काळ लागतो. महाशिवरात्र होळीच्या साधारण सोळा दिवस आधी येते. दोडका, कारले, दुधी, भोपळा यांचे रोप दोन पानांवर येऊन हलविण्याजोगे होण्यास तेवढेच दिवस पुरतात. अर्थात, शाळेने, अंगणवाडीने किंवा बचत गटाने वसंत पंचमीस फळभाज्यांचे आणि शिवरात्रीस वेलांचे बी टाकले, तर होळीस घरी आलेल्या कुटुंबाच्या हाती तयार रोपे देता येतात. त्या कुटुंबाला गेलेले दोन ते सहा आठवडे परत मिळतात.

हिशेब अगदी लहान आहे. एका कुटुंबास सहा वेल आणि सहा फळभाज्यांची रोपे अशी बारा रोपे धरली, तर चाळीस कुटुंबांसाठी ४८० रोपे होतात. ती एका खोलीएवढ्या जागेत मावतात आणि त्यांस दिवसाकाठी दोन-तीन बादल्या पाणी लागते. वेलांच्या मुळांना धक्का सोसत नाही, म्हणून त्यांची रोपे पळसाच्या पानांच्या द्रोणांत करावीत. द्रोणासकट रोप मातीत ठेवता येते आणि द्रोण कुजून जातो. प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा हे स्वस्त आणि सोयीचे. कारल्याचे बी चोवीस तास भिजवून, ओल्या फडक्यात बांधून मुरत्या उकिरड्याच्या उबेत दोन-तीन दिवस ठेवावे आणि मोड दिसताच द्रोणात लावावे. जुन्या बायका हे करीत आल्या आहेत. टोमॅटोची रोपे रात्री चुलीच्या खोलीत आणि दिवसा उन्हात ठेवावीत. पाने खालून जांभळी पडल्यास घाबरून खत घालू नये. थंड मातीत मुळांना स्फुरद उचलता येत नसल्याचे ते लक्षण असते आणि ऊब वाढली की पुष्कळदा ते आपोआप नाहीसे होते.

वाणांची निवड करताना फार चोखंदळ होण्याचे कारण नाही. भेंडीत ‘परभणी क्रांती’ किंवा ‘अर्का अनामिका’, काकडीत ‘पूना खिरा’, गवारीत ‘पुसा नवबहार’ हे परिचित सरळ वाण असून त्यांचे बी पुढील वर्षासाठी राखता येते. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. माठ मात्र प्रत्येक परसात असावा. तो उन्हाळा सोसतो, पंचवीस-तीस दिवसांत खुडणीस येतो आणि एका चौरस मीटरात एका खुडणीस सुमारे किलोभर भाजी देतो. २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांत प्रौढ व्यक्तीच्या रोजच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या सुचविल्या आहेत. पाच माणसांच्या घराला या मापाने जवळजवळ दोन किलो भाजी लागेल आणि दहा चौरस मीटरची बाग तेवढी कधीच देणार नाही. ती पालेभाजीचा वाटा उचलू शकते. त्या भाजीतील लोह अंगी लागावे म्हणून ताटावर लिंबाची फोड असावी. कुंपणालगत एक लिंबू आणि दोन शेवगे लावले की पुढील काही वर्षांची सोय होते, पण त्यांची लागवड पावसाळ्याच्या तोंडाशी करावी.

शाळा बंद असताना

केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यापूर्वीपासूनही अनेक शिक्षक हौसेने परसबागा करीत आले आहेत. अडचण मे महिन्याची आहे. सुटी लागते, मुले घरी जातात आणि ऐन फळावर आलेला दोडका पाण्यावाचून वाळतो. यासाठी शाळेने माघातील वाफ्यावर भर द्यावा. पालक, मेथी, मुळा, घेवडा ही पिके सुटीपूर्वी हाती येतात आणि शालेय पोषण आहारात शिजतात. होळीचा वाफा शाळेने करावयाचाच असेल, तर सुटीत पाणी कोण घालणार आणि निघालेली भाजी कोण नेणार, हे फाल्गुनातच ग्रामपंचायतीच्या किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहावे. पाणी घालणाऱ्यानेच भाजी न्यावी, हा सर्वांत सोपा आणि टिकणारा करार आहे.

माकडांचा प्रश्न प्रत्येक डोंगरी गावातून विचारला जातो. त्यावर पूर्ण उपाय नाही. मिरची, हळद, आले, सुरण यांच्या वाट्यास ती सहसा जात नाहीत. कुंपणाकडील बाजूस ही पिके आणि घराच्या दाराकडे वेल अशी मांडणी केल्यास नुकसान कमी होते. महाबळेश्वरच्या बाजूस गव्यांचा वावर असतो आणि गवा कुंपणास जुमानत नाही.

ज्येष्ठात पहिल्या मोठ्या सरी येताच सह्याद्रीच्या माथ्यावरील वेल झोडपले जातात. त्याआधी, वैशाख संपताना, प्रत्येक वेलावरील एक निकोप फळ खुडू नये. ते वेलावरच पिकू द्यावे. दोडका व दुधी वेलावरच पूर्ण वाळू द्यावेत. कारले मात्र नारिंगी झाले की, तडकण्यापूर्वी उतरवावे. काढलेले बी सावलीत वाळवावे, राखेत घोळून कोरड्या बरणीत भरावे आणि बरणीवर वाणाचे नाव व वर्ष लिहून ती चुलीच्या वरच्या फळीवर, पावसाळी दमटपणापासून दूर ठेवावी. पुढील शिवरात्रीस ती उघडावयाची आहे.